हरकत असल्यास कळवा

सकाळी ६.४०

द्राक्षवाल्यांना फोन करायचा तर सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधला सगळा वेळ ते बागेत असतात. सप्टेंबरात गोडी छाटणी सुरू झाली की टोळीची जमवाजमव, काडी मोजणं, छाटलेल्या डोळ्यांना पेस्ट लावणं यातून त्यांचं डोकं वर निघत नाही. पेस्टमधलं हायड्रोजन सायनामाइड कातडीला वाईट, म्हणून हातात मोजे, आणि मोज्यांच्या हाताने फोन घेता येत नाही. मी हे सगळं पाठ केलंय, कारण गणपती उठल्यापासून माझं काम एकच आहे. निफाड तालुक्यातल्या बागायतदारांना गाठायचं आणि त्यांचंच बोलणं त्यांना वाचून दाखवायचं.

आमच्या दिवाळी अंकात यंदा त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची एक रात्र छापायची आहे. रविवार, २६ नोव्हेंबर २०२३. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात अवकाळी पावसासोबत गारा पडल्या आणि निफाडच्या बागा झोडपून निघाल्या. संध्याकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत ग्रुपवर जे बोलणं झालं ते कुठल्याही वार्ताहराला जमलं नसतं. "तुमच्याकडं पडल्या का?" इथून ते सुरू होतं. हिशेब, शिव्या, विमा, औषधं, देव, सरकार असं सगळं येऊन जातं आणि पहाटे कुणीतरी विचारतो, "उद्या ब्लोअर कोणाचा मोकळा आहे?" संपादकांनी एका बैठकीत वाचलं आणि म्हणाले, जसंच्या तसं घ्या.

जसंच्या तसं घ्यायचं, तर ज्यांचं आहे त्यांना विचारायला हवं. ते काम माझ्याकडे आलं.

आजचा पहिला फोन उगावकडच्या एका भाऊंना. "ताई, टाका ना, त्यात काय विचारायचं!" असा होकार सगळ्यात अवघड, कारण तो न ऐकता दिलेला असतो. मी म्हटलं, भाऊ, दोन मिनिटं काढा, तुमचे सात मेसेज आहेत, वाचते. पाचव्या मेसेजला पलीकडचं हसणं थांबलं. त्यात तलाठ्याबद्दल एक वाक्य होतं.

"हे मी म्हनलो व्हतो?"

"रात्री अकरा सव्वीसला."

थोड्या वेळाने म्हणाले, "तलाठ्याचं काढा. माणूस चांगला आहे तो. त्या दिवशी डोकं फिरलं व्हतं. बाकीचं नावासकट राहू द्या."

आधीचा 'टाका ना' मी वहीत लिहिलाच नव्हता. आता होकार लिहिला.

८.१५

ही वही म्हणजे माझा खरा कारखाना. प्रत्येक बोलणाऱ्याला एक पान. वर नाव, खाली त्याचे मेसेज, आणि शेजारी रकाने: खरं नाव चालेल की बदलू, छापील अंकात चालेल का, ई-अंकात चालेल का, आमच्या फेसबुकच्या पानावर जाहिरातीसाठी एखादं वाक्य उचललं तर चालेल का, कुणी अभिवाचन केलं तर चालेल का. पहिल्याला हो म्हणणारे शेवटच्या दोघांना हमखास नाही म्हणतात. वाचणाऱ्याने वाचावं, पण नटाने आपल्या शिव्या रंगवून म्हणाव्यात हे कुणाला नको असतं, आणि मला ते पटतं.

मूळ फाईल नानांनी दिली. नाना ग्रुपचे ॲडमिन. फोनमधून चॅट एक्स्पोर्ट करून त्यांनी ती ई-मेलने पाठवली आणि वर लिहिलं, "सर्व काही आहे." खरोखरच सर्व काही होतं. एक्स्पोर्ट केलेल्या फाईलमध्ये माणसांची नावं पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये जशी साठवलेली असतात तशीच उतरतात. त्यामुळे मला बोलणाऱ्यांची नावं कळण्याआधी नानांची त्यांच्याबद्दलची मतं कळली. एक सभासद 'मेडिकल दाजी', एक 'पेठची टोळी जुना', एक 'औषध उधारी' आणि एक, नानांच्या सख्ख्या भावकीतला, 'उचलू नको'. ज्यांचे नंबर साठवलेले नव्हते त्यांचे पूर्ण दहा आकडे. फाईल हाती आल्यावर पहिलं काम हे की त्या नावांच्या जागी क्रमांक घालून नवी प्रत केली आणि मूळ फाईल कार्यालयाच्या सामायिक फोल्डरमधून हलवली. नानांना फोन करून सांगितलं की 'उचलू नको' मी कुणाला दाखवलेलं नाही. ते इतके ओशाळले की अर्धा मिनिट नुसतं "अरे देवा" म्हणत राहिले.

फोटोंचा गठ्ठा वेगळा आला होता. त्यात फुटलेले मणी, फाटलेली पानं, ओंजळीतल्या गारा, आणि मध्येच कुणाचा सातबारा, कुणाचं आधार कार्ड, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान. पंचनाम्याला लागतील म्हणून लोकांनी सरळ ग्रुपवर टाकलेली. अडीचशे जणांच्या फोनमध्ये ती गेली आणि अजून तिथेच आहेत. 'सगळ्यांसाठी डिलीट' करायची मुदत साधारण अडीच दिवसांची. ती कधीच उलटली. ते फोटो मी छापणार नव्हतेच, पण ज्यांचे होते त्यांना एकेकाला कळवलं की हे असं पडून आहे. एकजण म्हणाला, "ताई, आधार तर झेरॉक्सवाल्याकडंबी पडून आहे." याला उत्तर नाही.

१०.००

कार्यालयात संपादक विचारतात, नानांनी ग्रुपवर परवानगी घेतली होती ना? घेतली होती. त्यांनी मोठ्या उत्साहाने मेसेज टाकला होता की आपल्या त्या रात्रीच्या चर्चेचा दिवाळी अंकात समावेश होणार आहे, ही आपल्या सर्वांसाठी अभिमानाची बाब आहे, कुणाची हरकत असल्यास कळवा. खाली अंगठ्यांची रांग लागली. मी रांग तपासली. अंगठा देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्या रात्री एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं, आणि जे रात्रभर बोलले त्यांच्यातल्या निम्म्यांनी हा मेसेज उघडलाही नव्हता. हरकत नसणं आणि परवानगी असणं यांच्यामध्ये एक अख्खा तालुका मावतो.

संपादकांचा पुढचा मुद्दा असा की ॲडमिनची परवानगी म्हणजे ग्रुपची परवानगी. हा गैरसमज सार्वत्रिक आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे २०२१ मध्ये एका ग्रुप ॲडमिनचा खटला आला होता. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन जबाबदार आहे का, हा प्रश्न. न्यायालयाने म्हटलं की सभासद घेणं आणि काढणं एवढीच त्याच्या हातातली गोष्ट. दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर सभासदाच्या मजकुराचं ओझं त्याच्यावर टाकता येणार नाही. यातून मी माझ्यापुरता उलटा अर्थ काढते. ज्याच्यावर दुसऱ्याच्या वाक्याची जबाबदारी नाही, त्याला ते वाक्य कुणाला देऊन टाकण्याचा अधिकार तरी कुठून येणार? न्यायालयाने असं म्हटलेलं नाही, हे मी म्हणते. पण संपादक गप्प बसले आणि मला तेवढं पुरे होतं.

कायद्याची भाषाही आता त्याच दिशेने चालली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मुक्त हवी, नेमक्या कारणासाठी हवी, माहिती देऊन घेतलेली हवी, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं आहे. नोटीस आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये मिळायला हवी, म्हणजे मराठीत मागता येते. घरगुती वापराला कायदा लागू नाही, त्यामुळे बागायतदार आपसात काय बोलतात याच्याशी त्याचा संबंध नाही. ते बोलणं आमच्या फाईलमध्ये आलं की ते घरगुती राहत नाही. आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला सवलत होती, मंजूर झालेल्या कायद्यात ती नाही, आणि त्यावर एडिटर्स गिल्डने काळजी व्यक्त केली होती. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य कलमांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. पत्रकारितेला सवलत हवी असं माझंही मत आहे. सत्तेतल्या माणसाचं बिंग फोडताना त्याची परवानगी मागत बसता येत नाही. पण गारपिटीच्या रात्री घाबरलेला शेतकरी म्हणजे सत्ता नव्हे. त्याच्याबाबतीत मला सवलत नको.

११.३०

वकीलबाई येतात तेव्हा त्यांच्या हातात माझ्या प्रतीची प्रिंट असते आणि जिथे जिथे लाल खूण तिथे तिथे पैसे बुडालेले असतात. रात्री दहाच्या सुमाराला चर्चा गारांवरून एका व्यापाऱ्याकडे वळते. मागच्या हंगामात माल उचलून पैसे न देता गायब झालेला. चौघे त्याचं नाव घेतात, गाव सांगतात, गाडीचा रंग सांगतात.

"हे नाव जाणार," वकीलबाई म्हणतात. "भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम. खरं असलं तरी ते सिद्ध करावं लागेल, आणि सार्वजनिक हिताचं होतं हेही."

नाव काढणं सोपं. पण पांढरी गाडी, अमुक नाक्यावरचं शेड आणि 'पायाने थोडा अधू' एवढं ठेवलं तर पिंपळगाव बाजारात शेंबडं पोरही सांगेल कोण ते. नावं बदलून माणसं लपतात हा शहरातला समज आहे. तालुक्यात माणूस ओळखला जातो तो नात्याने, गाडीने, विहिरीच्या जागेने. आम्ही गाडी काढली, शेड काढलं, पाय काढला. उरला तो 'एक व्यापारी'. वाक्यं फिकी झाली. वकीलबाईंना साहित्याचं काही देणंघेणं नाही, आणि ते बरंच आहे.

दुसरी लाल खूण औषधांवर. रात्री कुणीतरी कुणालातरी सल्ला देतो की सकाळी अमुक मारा, घड सुटेल. ते औषध निर्यातीच्या बागेत चालत नाही. २०१० साली भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपात सापडला, माल नाकारला गेला आणि त्या हंगामाचा घाव अजून इथल्या बोलण्यात निघतो. त्या औषधाचं बोलण्यातलं नाव सीसीसी. ते म्हटलं की म्हातारे बागायतदार आजही तोंड कडू करतात. तेव्हा 'मी हे मारलं' या तीन शब्दांची किंमत मोठी आहे. त्यातून फोटोत प्लॉटची पाटी दिसत होती आणि पाटीवर नोंदणी क्रमांक. निर्यातीच्या प्लॉटची कृषी खात्याकडे नोंदणी होते आणि अपेडाच्या ग्रेपनेटवर त्या क्रमांकावरून पेटीतला घड कुठल्या बागेतला याचा माग काढता येतो. फोटो देणाऱ्याला विचारलं होतं, त्याने आनंदाने हो म्हटलं होतं, पण पाटीकडे त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष वेधल्यावर म्हणाला, "फोटो राहू द्या, पाटी कापा." कापली.

फाईलच्या खरेपणाचा प्रश्नही निघाला. ती साधी मजकुराची फाईल. तीत कुणीही काहीही घालू शकतो. न्यायालयात संगणकीय पुराव्याची प्रत चालवायची तर कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. जालना मतदारसंघाच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पक्कं केलं. आम्हाला न्यायालयात जायचं नाही. पण मी ग्रुपमधल्या आणखी एका सभासदाकडून त्या रात्रीची त्याची प्रत मागवली आणि ओळ ओळ ताडून पाहिली. दोन्ही जुळल्या. फक्त एका ठिकाणी नानांच्या प्रतीत 'हा मेसेज डिलीट केला गेला' असं होतं आणि दुसऱ्याने त्या मेसेजचा डिलीट होण्याआधीच स्क्रीनशॉट घेऊन ठेवला होता. तोही त्याने प्रेमाने पाठवला. काय होतं त्यात ते मी वाचलं आणि इथे लिहिणार नाही. लिहिणाऱ्याने दोन मिनिटांत मागे घेतलं ते आमच्यासाठी कधी लिहिलंच गेलं नाही.

पहाटेच्या सुमाराला एकाने एक कविता फॉरवर्ड केली होती, खाली एका मोठ्या कवीचं नाव. कविता त्यांची नाही. पु. लं.च्या नावावर त्यांनी न लिहिलेले उतारे जिथे वर्षानुवर्षं फिरतात, तिथे याचं नवल काय! काढली.

१.१५

डबा उघडतो तेव्हा आमचा वेबसाइट सांभाळणारा मुलगा शेजारी येऊन बसतो. हुशार आहे. म्हणतो, "मॅडम, इतकं हाताने कशाला? अख्खी फाईल एआयला द्या, पाच मिनिटांत नावं बदलून, सारांश करून देईल."

मी त्याला त्याच्याच क्षेत्रातल्या गोष्टींची आठवण करून दिली. २०२० च्या फेब्रुवारीत व्हॉट्सॲप ग्रुपांच्या आमंत्रणाच्या लिंका गूगलवर शोधल्या की सापडतात असं उघड झालं होतं. ज्यांनी त्या कुठेतरी उघड्या पानावर चिकटवल्या त्यांना वाटलं होतं की लिंक आपल्या ओळखीच्यांनाच दिसेल. मग २०२५ च्या जुलैअखेर चॅटजीपीटीवरून शेअर केलेल्या गप्पा गूगलच्या शोधात आल्या. लिंक बनवताना 'शोधात दिसू द्या' असा एक चौकोन होता, लोकांनी त्यावर खूण केली होती. कंपनी म्हणाली हा छोटा प्रयोग होता, आणि सोय काढून टाकली. म्हणजे परवानगी घेतलेली होती बरं का! खूण होती. पण औषधोपचार, नवरा-बायकोचं भांडण, नोकरीचा अर्ज असं काहीबाही लिहून बसलेल्या माणसाला त्या चौकोनाचा अर्थ पोचला नव्हता. नानांच्या अंगठ्यांची रांग आणि तो चौकोन एकाच जातीचे.

मुलगा म्हणाला, "पण मी लिंक शेअर करणारच नाही."

"तू नाही करणार. पण फाईल बाहेरच्या यंत्रात गेली, हे मी त्या भाऊंना सकाळी सांगितलं होतं का? नाही. मग नाही."

त्याला पटलं की नाही कळलं नाही, पण त्याने एक उपयोगाची गोष्ट सुचवली. ई-अंकाचं हे प्रकरण मोफत पानांत ठेवायचं नाही, आणि त्या पानांना नोइंडेक्स लावायचं, म्हणजे शोधयंत्रं ती उचलणार नाहीत. ऐकणारी शोधयंत्रं, असं तो पुढे म्हणाला. न ऐकणारी असतातच. आणि दिवाळी अंकांच्या पीडीएफ टेलिग्रामवर कशा फिरतात हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, त्यामुळे तो विषय आम्ही भाजीसोबत संपवला.

२.४५

आजचा दिवस ज्याच्यासाठी राखून ठेवला होता तो फोन.

त्या रात्री साडेअकरानंतर ग्रुपवर एक बाई येतात. अडीचशे जणांत बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि बोलणाऱ्या या एकट्याच. त्या आधी लिहितात, मग आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. नवरा बॅटरी घेऊन बागेत गेला तो अजून परतला नाही, फोन लागत नाही, कुणी जवळ असेल तर बघा. तीन व्हॉइस नोट. त्यानंतर गारा, विमा, तलाठी सगळं थांबतं आणि ग्रुप दुसराच होतो. "वहिनी, निघालो." "मी पुलाकडून येतो." "फोन चालू ठेवा." सहा माणसं तीन दिशांनी निघतात. पाऊण तासाने एक शब्द येतो: "सापडले." ते मांडवाखाली बसले होते. नुसते बसले होते.

संपूर्ण मजकुरात याच्यासारखं दुसरं काही नाही. संपादक ज्या एका जागेमुळे 'जसंच्या तसं' म्हणाले ती हीच.

वहिनींनी मागच्या आठवड्यात हो म्हटलं होतं, पूर्ण ऐकून, नावासकट. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. सातबारा ह्यांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज ह्यांच्या नावावर, विम्याचा अर्ज ह्यांच्या नावावर. ती रात्र माझ्या नावावर येऊ द्या. मी त्यांना विचारलं होतं, दादांना सांगितलंत का? त्या म्हणाल्या, सांगते.

आज फोन दादांनी घेतला.

"ताई, मी काय जीव द्यायला गेलो नव्हतो."

"नाही दादा, तसं कुठेही लिहिलेलं नाही."

"लिवलेलं नसू द्या. लोक वाचतील ना. मी बसलो व्हतो. पाय चालत नव्हते म्हणून बसलो. तुम्ही छापलं की जो तो म्हणंल, हा तसल्या विचारानं गेला व्हता. पोरीचं बघू राहिलो आम्ही. उद्या सोयरिकीत कोणी ते पान काढून पुढं धरलं तर?"

मी म्हटलं, नाव बदलू, गाव बदलू. ते हसले. त्या रात्री सहाजण शोधायला आले होते आणि अडीचशे जणांनी वाचलं होतं, कुणापासून लपवणार? मग मागून वहिनींचा आवाज आला. त्यांनी फोन घेतला.

"भीती मला वाटली व्हती ना ताई. ती तर माझी आहे."

यावर मी बराच वेळ काही बोलले नाही, कारण त्या बरोबर होत्या. वाक्यं त्यांची, आवाज त्यांचा, लेखनाचा हक्कही त्यांचाच. १९५७ चा कॉपीराइट कायदा त्यांच्या बाजूने उभा राहील. पण त्या वाक्यात जो माणूस आहे तो दादा आहेत, आणि त्यांनी त्या रात्री कुणाला काही लिहिलं नव्हतं. बोलणाऱ्याला विचारायची सवय आम्हाला लागली. ज्याच्याबद्दल बोललं गेलं त्याला विचारायचा रकाना माझ्याही वहीत कोपऱ्यात आहे. भीती वहिनींची खरी, पण छापल्यावर तिची किंमत दादा आणि ती पोरगी भरणार. जो किंमत भरणार त्याचा नकार मी वरचा मानते. इथे दुसरा एखादा संपादक दुसरं करील आणि त्याच्याकडे कारणंही असतील. बाईचा आवाज पुन्हा एकदा नवऱ्याच्या सांगण्यावरून पुसला गेला, असं कुणी म्हटलं तर मला ते खोडता येणार नाही.

मी विचारलं, दादांचा भाग काढून तुमची दोन वाक्यं ठेवली तर? "मग त्यात राहिलं काय?" त्या म्हणाल्या. तेही बरोबर. पुढच्या अंकासाठी तुम्ही स्वतः लिहा, बागेबद्दल, तुम्हाला हवं तसं, असं सुचवलं.

"त्यात बी हेच येणार," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

४.१०

एक माणूस गेला की त्याच्यासोबत किती जातात हे हातात पेन घेतल्याशिवाय कळत नाही. वहिनींचे मेसेज काढले की 'वहिनी, निघालो' लटकतं. ते काढलं की 'पुलावर पाणी आहे, वरून या' याला संदर्भ नाही. ते काढलं की 'सापडले' कुठून आलं? संध्याकाळपर्यंत पाऊण तासाचं सगळं बोलणं पानांवरून उतरलं, अडीच पानं. शोधायला गेलेल्या सहा जणांचे होकार माझ्याकडे होते. त्या होकारांचा आता उपयोग नव्हता. त्यातल्या एकाला फोन करून सांगितलं तर तो खट्टू झाला. "मी गाडी काढली व्हती ताई चिखलात, ते तरी टाका." नाही टाकता येत.

मग प्रश्न आला खिंडाराचा. 'काही संदेश वगळले आहेत' असं त्या जागी लिहिलं की वाचणारा तिथेच थांबून तर्क करणार, आणि निफाडमध्ये तर्काची गरजच नाही. न लिहावं तर घड्याळ बोलतं: ११.२८ नंतर एकदम १२.४०. आमच्या मांडणीकाराने हा पेच सोडवला. त्याने सगळ्याच मेसेजवरच्या वेळा काढल्या आणि रात्रीचे फक्त भाग केले: दिवेलागण, जेवणानंतर, मध्यरात्र, पहाट. वगळल्याची टीप मजकुराच्या सुरुवातीला, जागा न सांगता. मला वेळांचे आकडे आवडायचे. त्यांत त्या रात्रीची धाप होती. गेले.

संपादकांना मी सांगायला गेले तेव्हा ते जाहिरात विभागाशी बोलत होते. ऐकून घेतलं, चष्मा काढला, म्हणाले, "मग छापायचं तरी कशाला?" दहा मिनिटं असेच गेली. मी उरलेली पानं पुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिसऱ्या पानावर 'उद्या ब्लोअर कोणाचा मोकळा आहे' याच्या आधीची एक ओळ शुद्धलेखनासाठी दुरुस्त केली. 'व्हता' चा 'होता' केला. मी तो परत 'व्हता' केला. म्हणजे छापायचं ठरलं.

७.३०

संध्याकाळची खिडकी. नानांनी ग्रुपवर सगळ्यांना एकत्र फोन लावला, आणि ज्यांचं बोलणं येणार आहे त्यांच्यापैकी बरेचजण आले. कुणी जेवता जेवता, कुणी गोठ्यात. मी पानं मोठ्याने वाचली. आपलं वाक्य आलं की माणूस खाकरतो, हे माझ्या लक्षात आलेलं आहे. दोघांनी एकमेकांचं भांडण ऐकलं आणि आता नव्याने हसले.

मग एका तरुण मुलाने विचारलं, "ताई, आज हो म्हणलो आणि पुढच्या वर्षी नको वाटलं तर?"

मी गोलमाल उत्तर दिलं नाही. शनिवारी संध्याकाळी पाचला पानं छपाईला जातात. तोपर्यंत कुणीही, कारण न सांगता, नुसतं 'नको' लिहिलं तरी निघेल. पाचनंतर कागदावरचं परत येणार नाही. ई-अंकातलं मात्र कधीही सांगा, आम्ही काढू. आणि एक आणखी: अंक आला की कुणीतरी पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणार. वरची टीप त्या फोटोत नसेल. नाव कापलेलं असेल किंवा नसेल. तो फोटो आमच्या हातात नसेल, तुमच्याही नसेल.

"म्हणजे आमचंच आम्हाला फॉरवर्ड येनार!" कुणीतरी म्हणालं.

नानांनी विचारलं, ग्रुपवरून एक्स्पोर्ट बंद करता येतं म्हणे? येतं. एप्रिल २०२५ पासून व्हॉट्सॲपमध्ये तशी सोय आहे. ती चालू केली की चॅट एक्स्पोर्ट होत नाही, फोटो आपोआप फोनमध्ये उतरत नाहीत आणि एआयसाठी मेसेज वापरता येत नाहीत. पण समोरच्याने स्क्रीनशॉट घेतला तर ती अडवत नाही. यावर मोठी चर्चा झाली आणि निकाल विरोधात गेला, कारण औषधाच्या लेबलांचे फोटो आपोआप फोनमध्ये उतरले नाहीत तर फवारणीच्या वेळी बागेत, रेंज नसताना, बघणार कशात? नाना म्हणाले, ठराव नामंजूर. मला हे आवडलं. निदान त्यांनी ठरवलं तरी. चौकोनावर खूण करून मोकळे झाले नाहीत.

दोघांनी फोन संपल्यावर वेगळा मेसेज करून नावं बदलायला सांगितली. सगळ्यांसमोर सांगायचं नव्हतं. म्हणूनच अशा सामायिक फोननंतर मी अर्धा तास दुसरं काही करत नाही.

९.२०

वहीत एक पान अजून कोरं आहे. त्या रात्री एकच ओळ लिहिणारा एक तरुण: "सगळ्यांनी आत्ताच फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतील." त्याचा नंबर बंद आहे. नाना म्हणाले, त्याने गेल्या वर्षी बाग तोडली, ग्रुप सोडला, बहुतेक सिन्नरला कंपनीत लागला. त्याच्या भावाने नवीन नंबर दिला. मी आधी भावाला सांगितलं की त्याला विचारून मगच द्या, त्याने विचारून दिला. दोन दिवसांपूर्वी मेसेज टाकला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

ओळ निरुपद्रवी आहे. तीत कुणाचं नाव नाही, बदनामी नाही, औषध नाही. संपादक म्हणाले असते, ठेवून दे, कोण विचारतंय. पण बाग तोडलेल्या माणसाने तो ग्रुप का सोडला हे मला माहीत नाही, आणि वाचून उत्तर न देणं हे त्याचं उत्तर असू शकतं. मी ओळ काढली. मग फाईल खाली सरकवत गेले. साधारण तासाभराने नानांनी तेच पुन्हा लिहिलंय, त्यांच्या पद्धतीने, तीन उद्गारचिन्हं लावून आणि वर 'महत्त्वाची सूचना' असं घालून. ती ओळ मी आधी वगळली होती, पुनरुक्ती म्हणून. आता ती वर घेता येईल, पण नानांनी होकार दिला तेव्हा ही ओळ त्यांना वाचून दाखवलेली नव्हती. सकाळी साडेसहाला पहिला फोन त्यांना.